हृदयपेशी धडधडते म्हणजे तयार झाली असं नाही
वर एका दादांनी लिहिलंय की मूलपेशींपासून (ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात) बनवलेल्या हृदयपेशी प्रयोगशाळेतल्या ताटलीत आपोआप धडधडतात, म्हणजे त्या पूर्ण तयार झाल्या. उलट आहे बघा. प्रौढ जवनिकेतली (हृदयाच्या खालच्या कप्प्यातली) स्नायूपेशी स्वतःहून धडकत नाही, इशाऱ्याची वाट बघते. तिच्या बाहेरच्या पटलात पोटॅशियमच्या ठरावीक वाहिन्या, म्हणजे पोटॅशियम जायच्या बारीक वाटा, भरपूर असतात, म्हणून विश्रांतीत आतला विद्युतदाब उणे 90 मिलिव्होल्टच्या आसपास टिकून राहतो. ताटलीतल्या कोवळ्या पेशीत याच वाहिन्या कमी, त्यामुळे दाब डळमळतो अन् ती उगीच धडधडते. आमच्या परभणीकडं गोऱ्हा लई उड्या मारतो म्हणून काय लगेच औताला जुंपतो का आपण? जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी 2007 मध्ये माणसाच्या त्वचापेशी मूलपेशीसारख्या करून दाखवल्या, तो भाग जमला. पण पेशी मुरवणं, म्हणजे प्रौढ करणं, अजून अवघडच आहे.