चर्चा: डिस्क्रिप्टर उडाला की थेट बॅकअप चढवायचा का?

धागाकर्ता:
ईएसएक्सआयवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) व्हीएमच्या, म्हणजे आभासी संगणकाच्या, फोल्डरातली छोटी .व्हीएमडीके फाइल, म्हणजे डिस्कचं वर्णन ठेवणारा डिस्क्रिप्टर, गायब आणि डिस्कची मोठी 'फ्लॅट' फाइल मात्र शाबूत. अशा वेळी बरेच जण लगेच कालचा बॅकअप चढवतात. मला हे अजिबात पटत नाही. डेटा सगळा फ्लॅटमध्ये असतो, डिस्क्रिप्टर हा नुसता काही ओळींचा मजकूर. फ्लॅटचा नेमका बाइट आकार पाहा (४० जीबीची डिस्क असेल तर ४२९४९६७२९६०), व्हीएमकेएफएसटूल्सने (ईएसएक्सआयवरची डिस्क हाताळायची कमांड) तेवढीच तात्पुरती थिन (लागेल तशी जागा घेणारी) डिस्क बनवा, तिची फ्लॅट काढून टाका, उरलेल्या डिस्क्रिप्टरला मूळ नाव द्या आणि आतल्या 'आरडब्ल्यू'ने सुरू होणाऱ्या ओळीत मूळ फ्लॅटचं नाव घाला. मूळ डिस्क थिक (सगळी जागा आधीच राखणारी) असेल तर 'थिनप्रोव्हिजन्ड'ची ओळ काढा. एवढ्यासाठी ग्राहकाच्या दिवसभराच्या नोंदी का घालवायच्या?

रात्रपाळी:
साफ असहमत. 'तिची फ्लॅट काढून टाका' हे तुम्ही सहज लिहिलंत, पण फोल्डरात त्या क्षणी अगदी सारख्या आकाराच्या दोन फ्लॅट असतात. रात्री, फोन खणखणत असताना, चुकीची उडाली तर संपलं. आणि स्नॅपशॉटचं काय? स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क म्हणजे बेस तशीच राहते आणि पुढचे बदल 'डेल्टा' फाइलमध्ये जातात; ही झाली साखळी. डेल्टाच्या डिस्क्रिप्टरमधला पॅरेंटसीआयडी (आधीच्या डिस्कचा ओळख-आकडा) बेसच्या सीआयडीशी, म्हणजे तिच्या स्वतःच्या ओळख-आकड्याशी, जुळायलाच हवा. नव्या डिस्क्रिप्टरचा सीआयडी वेगळा असतो. डेल्टा बाजूला ठेवून कुणी नुसती बेस चालू केली, की तिच्यावर लिहिलं जातं आणि साखळी तुटते. बॅकअप असतोच कशासाठी?

धागाकर्ता:
स्नॅपशॉटचा मुद्दा मान्य, तो मी आधीच लिहायला हवा होता. पण त्यावर उपाय आहे: पॅरेंटसीआयडीचा आकडा बेसमध्ये सीआयडी म्हणून लिहायचा आणि चालू करण्याआधी 'व्हीएमकेएफएसटूल्स -ई'ने साखळी तपासायची. तात्पुरती डिस्क वेगळ्या फोल्डरात बनवली की दोन फ्लॅटचा गोंधळही मिटतो.

स्टोरेजवाली:
दोघंही एक गोष्ट विसरताय. व्हीएम अजून चालू आहे का ते आधी बघा! चालू व्हीएमच्या फोल्डरावर कुणी आरएम (फाइली पुसायची कमांड) चालवलं तर फ्लॅट लॉक असल्यामुळे वाचते, डिस्क्रिप्टर जातो, आणि व्हीएम मात्र चालतच राहते. ती बंद करू नका. आधी आतूनच डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची प्रत, घ्या.

रात्रपाळी:
हे शंभर टक्के बरोबर. बंद असेल तर मात्र माझा हट्ट कायम: आधी फ्लॅट आणि सगळ्या डेल्टांची दुसऱ्या डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइली ठेवायच्या साठ्यावर) कॉपी, मग हात लावा. तेवढी जागा नसेल तर बॅकअप नव्या नावाने चढवा, जुनं फोल्डर तसंच राहू द्या.

धागाकर्ता:
नव्या नावाने चढवायला माझी ना नाही. मूळ फोल्डरावरच रिस्टोअर करून फ्लॅट पुसणाऱ्यांशी माझं भांडण आहे.