मदत हवी आहे: फ्लॅट विकताना दलालाला 2 टक्के द्यायचेच का?

शमा_डिचोली
दलाल 2 टक्के मागतोय. सौदा 62 लाखांचा, म्हणजे 1 लाख 24 हजार झाले, वर जीएसटी वेगळा म्हणतो. एवढे पैसे कशाचे? दोनदा येऊन दार उघडलं, बस्स. गिऱ्हाईक तर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणारं. बुधवारी अ‍ॅग्रीमेंट आहे, त्याआधी त्याला उत्तर द्यायचंय. गोव्यात रेट काय चालतो, आणि दिले नाहीत तर तो काय करू शकतो? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, आणि लवकर.

म्हापशेकार
कुठला फ्लॅट? जुना की नवा? दलालाशी सुरुवातीला काय ठरलं होतं? लेखी आहे का काही? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार? रेट म्हणाल तर आपल्याकडे बहुतेक दलाल घेणारा आणि विकणारा दोघांकडून प्रत्येकी 2 टक्के मागतात. पण हा काही सरकारने ठरवलेला दर नव्हे, बोलून कमी होतो.

शमा_डिचोली
फोंड्याला, बाबांचा, जुना. लेखी काही नाही. आम्ही तिघं भावंडं.

आबोली
अजिबात देऊ नका. आम्ही पर्वरीचा फ्लॅट दलालाशिवाय विकला. ऑनलाइन जाहिरात टाकली, फोटो स्वतः काढले. पहिल्या आठवड्यात फोन आले ते जवळजवळ सगळे दलालांचेच, प्रत्येकाला नाही म्हणून सांगितलं. पाच महिने लागले, दर रविवारी नवरा-बायको तिथे जाऊन बसायचो. पण शेवटी मिळालेला पैसा पूर्ण आमचा. बाबांनी घाम गाळून घेतलेलं घर, त्यातला सव्वा लाख परक्याला का?

पोफळी_मडगाव
मी हाच धंदा करतो, गेली चौदा वर्षं, म्हणून मनापासून लिहितो. आबोलीताईंनी पाच महिन्यांचे रविवार दिले. ते रविवार कुणीतरी द्यावेच लागतात. दहा जणांना घर दाखवावं तेव्हा एखादा पुढे सरकतो, आणि त्याचंही बँकेत कर्ज अडकलं की सौदा मोडतो. मोडलेल्या सौद्याचा आम्हाला पैसा मिळत नाही. जमलेल्या एका सौद्याच्या दलालीत न जमलेल्या नऊंचं पेट्रोल असतं.
शमाताई, एकच विचारतो. बाल्कनीवर बोर्ड लावला होता का, आणि त्यावर नंबर कोणाचा?

शमा_डिचोली
बोर्ड त्याचाच. तळमजल्यावाल्यांनी त्याच नंबरवर फोन केला. पण माझा नंबर सोसायटीत सगळ्यांकडे आहे, मला विचारलं असतं तर?

पोफळी_मडगाव
पण विचारलं नाही. तुमचा फ्लॅट विकायचाय हे त्यांना बोर्डामुळे कळलं. गिऱ्हाईक शेजारचं असो की दिल्लीचं, आणलं त्याने.

मांडवीकाठ
रेरा (घरबांधणीच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नंबर विचारा त्याचा. 2016 च्या कायद्याने दलालाला नोंदणी सक्तीची आहे. नंबर नसेल तर एक रुपया देऊ नका.

पोफळी_मडगाव
अर्धवट माहिती देऊन लोकांना भांडायला लावू नका. त्या कायद्यातली दलालाची नोंदणी रेराखाली नोंदलेल्या प्रकल्पातल्या विक्रीसाठी आहे. जुन्या इमारतीतला हातबदल त्यात बसत नाही. आणि दलाली किती घ्यायची हे रेराने ठरवलेलं नाही.

मांडवीकाठ
म्हणजे जुनं घर विकणाऱ्याला कोणी वालीच नाही. हेच तर मी म्हणतोय. आसगाव-शिवोलीत बघा, दलालांनी भाव कुठे नेऊन ठेवलेत. गावच्या मुलाला गावात घर घेता येत नाही. खोटी कागदपत्रं करून मयत माणसांच्या जमिनी विकल्या गेल्या, 2022 मध्ये त्यासाठी एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावी लागली सरकारला.

म्हापशेकार
विषय महत्त्वाचा आहे, पण वेगळा धागा काढा. हिला बुधवारी सही करायचीय.

जुना_पणजीकर
शमाबाय, 1872 च्या करार कायद्याप्रमाणे तोंडी ठरलेलंही ठरलेलंच असतं. वेगळं काही ठरलं नसेल तर दलालाचा मोबदला काम पूर्ण झाल्यावर देय होतो, म्हणजे अ‍ॅग्रीमेंटलाच सगळे द्या असा हट्ट त्याला धरता येत नाही. आता सांग, पहिल्यांदा त्याने 2 टक्के म्हटलं तेव्हा तुमच्याकडून कोण काय म्हणालं?

शमा_डिचोली
भाऊ बोलला होता, तो म्हणतो मी नुसतं 'बघूया' म्हटलं. आत्ता त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मागवून बघितला. दलालाने जानेवारीत '2 टक्के विकणाऱ्याकडून' असं लिहिलंय आणि त्याखाली भावाने अंगठा टाकलाय. मला हे आज कळतंय.

जुना_पणजीकर
मग 'काहीच ठरलं नव्हतं' हे बोलणं सोड. तो अंगठा तुमच्या विरोधात जाईल. कमी करून घे, पण बुडवू नको. जीएसटीचं मात्र विचार. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असलेल्याला सेवेवर जीएसटी नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही. 18 टक्क्यांनी 22,320 रुपये होतात. नंबर असलेलं बिल दे म्हणावं.

आबोली
म्हणजे बोर्ड लावायचे सव्वा लाख. मला अजून पटत नाही.

रातांबा
दलालीचं राहू दे, कोणी हे विचारलंच नाही. तीन भावंडांतलं कोणी परदेशात आहे का? आणि लग्न झालेली किती? गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायको निम्म्या-निम्म्या हिश्श्याचे धनी, वडिलोपार्जितातही. प्रत्येकाच्या जोडीदाराची सही लागते. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली प्रक्रिया, झाली का?

शमा_डिचोली
इन्व्हेंटरी मागच्याच वर्षी झाली, फ्लॅट तिघांच्या नावे समान आला. सह्यांचं वकिलांना माहीत आहे. बहीण आणि भावोजी लंडनला असतात, त्यांनी मला मुखत्यारपत्र पाठवलंय. पण माझा प्रश्न दलालीचा आहे.

रातांबा
तुमचा मोठा पैसा इथे अडकणार आहे, म्हणून विचारतोय. सौदा 50 लाखांच्या वर, म्हणून घेणारा पैसे देतानाच 1 टक्का टीडीएस (आयकर) कापणार. तो तुमच्या आणि भावाच्या वाट्याला. बहीण भारतात रहिवासी नाही, तिच्या वाट्यावर 1 टक्का चालत नाही, बराच जास्त कापावा लागतो. कमी कापायचा असेल तर आयकर खात्याकडून तसा दाखला आधी आणावा लागतो, त्याला वेळ लागतो. गिऱ्हाइकाला हे सांगितलंय का? दुसरं, लंडनहून आलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे मुद्रांकित करून (मुद्रांक शुल्क भरून) घ्यावं लागतं. केलं?

शमा_डिचोली
नाही. पत्र येऊन दोन महिने होऊन गेले.

शमा_डिचोली
आत्ताच दलालाशी बोलले. मुखत्यारपत्राचं त्याने भावाला पत्र आलं त्याच आठवड्यात सांगितलं होतं, मेसेजही दाखवला. भाऊ विसरला. सोसायटीची एनओसी आणि घरपट्टीची थकबाकी यांच्यामागेही तोच चार वेळा गेला होता, हेही मला माहीत नव्हतं. मी सगळं डिचोलीत बसून भावाच्या तोंडून ऐकत होते. बुधवारचं पुढे ढकललं. त्याच्याकडे जीएसटी नंबर नाही, ते त्याने सोडलं. मी दीड टक्का म्हटलं, म्हणजे 93 हजार. उद्या सांगतो म्हणाला.

पोफळी_मडगाव
घेईल.

जुना_पणजीकर
घेतला तर लगेच लिहून घे. किती आणि कधी, दोन्ही. निम्मे अ‍ॅग्रीमेंटला, निम्मे सेल डीड (खरेदीखत) सब-रजिस्ट्रारकडे नोंदल्यावर. रोख देऊ नको.

शमा_डिचोली
पावती माझ्या एकटीच्या नावाने चालेल का? व्यवहार मीच बघतेय.

रातांबा
नको. तिघांनी 31-31 हजार आपापल्या खात्यातून द्या आणि तीन पावत्या घ्या. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफा काढताना विक्रीच्या रकमेतून वजा होते, ती ज्याची त्याला दाखवता आली पाहिजे. बहिणीला तर दाखल्याचा अर्ज करतानाही लागेल.