मदत हवी आहे: लिस्बनचे तीन दिवस, बाबांची यादी आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन लिस्बनला जायचंय. हाताशी पूर्ण दिवस तीनच. आम्ही वसईचे. बाबांचं निम्मं लहानपण किल्ल्यात हुंदडण्यात गेलेलं, त्यामुळे १५३४ ते १७३९ आपल्या गावावर राज्य केलेल्या पोर्तुगिजांचं मूळ गाव त्यांना एकदा बघायचंच आहे.

यादी त्यांनी वहीत लिहून काढलीय. बेलें या नदीकाठच्या भागातल्या जेरोनिमोस मठातली वास्को द गामाची कबर, तिथलाच बेलेंचा बुरूज, सांव जॉर्जचा किल्ला आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित, कार्मोचं चर्च. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं, ते पुन्हा घातलंच नाही; नुसत्या कमानी आभाळाखाली उभ्या आहेत. फोटो बघून बाबा म्हणाले, "हे तर आपल्या किल्ल्यातलंच!"

अडचण आईची. दोन्ही गुडघे झिजलेत. सपाटीला तासभर आरामात चालते, पण चढ-उतार आणि पायऱ्या नकोत. आणि हे शहर म्हणे सात टेकड्यांवर! फुटपाथांना गुळगुळीत पांढरे दगड, ते पावसात घसरतात असंही वाचलं. किल्ल्यावर २८ नंबरच्या ट्रामने जावं का? बेलेंला अख्खा दिवस द्यावा का? त्यात नवरा लिस्बनजवळच्या सिंत्रा गावाचा हट्ट धरून बसलाय.

प्रतिसाद १:
२८ ची ट्राम किल्ल्यासाठी नको. गर्दी मरणाची, उभं राहावं लागतं, वर पाकीटमार. प्रासा दा फिगेरा चौकातून ७३७ नंबरची बस घ्या, ती पार किल्ल्यापाशी सोडते. ट्रामची हौस फेडायचीच असेल, तर भल्या सकाळी कांपो द ओरीकला तिच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन चढा, बसायला जागा मिळते.

कार्मोसाठी बायशा-शियादो मेट्रो स्टेशनात शिरा आणि शियादोच्या बाजूने बाहेर पडा. आतले सरकते जिने तुम्हाला थेट वर नेतात, बराचसा चढ फुकटात वाचतो.

प्रतिसाद २:
बेलेंला दिवस द्याच, नदीकाठ अगदी सपाट आहे. फक्त सोमवार टाळा, मठ बंद असतो. वास्कोची कबर चर्चमध्ये शिरल्या शिरल्याच आहे, आईंना फार चालावं लागणार नाही. समोरच्या बाजूला पोर्तुगीज कवी कामोइंशची कबर. बुरुजातला जिना मात्र गोल आणि अरुंद. तिथे बाबांना एकटं सोडा, तुम्ही दोघी काठावर बसून पाश्तेल द नाता (तिथले अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट) खा.
सिंत्रा यावेळी नको. तिथले राजवाडे डोंगरावर आहेत. नवऱ्याला एकट्याला रोसियो स्टेशनहून लोकलने पाठवा.

धागाकर्ती:
खूप आभार! नवरा खट्टू झालाय, पण चालेल. आई विचारतेय, बेकरीत 'पाव' मागितला तर त्यांना कळेल का?

प्रतिसाद २:
कळेल की, शब्द त्यांचाच आहे. फक्त जरा नाकातून म्हणायला सांगा.