मदत हवी आहे: खापरपणजोबांचे वडील डेव्हिड की जेम्स? (स्कॉटलंडची जुनी रजिस्टरं)

नमस्कार मंडळी,

मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षं स्कॉटलंडात फाइफमध्ये राहते. नवरा इथलाच. पुढच्या महिन्यात सासूबाईंना ऐंशी पूर्ण होतील, तेव्हा त्यांच्या माहेरची वंशावळ मोठ्या कागदावर काढून द्यायचं मी कबूल करून बसले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला गाव नि आडनाव सांगितलं की उपाध्ये वही काढून चार पिढ्या वाचून दाखवतात. इथे वही नाही, पण सरकारी कागद रग्गड, आणि आता त्या कागदांचंच आपसात जमेना झालंय. आडनाव मुद्दाम लिहीत नाही, सासूबाईंना आवडणार नाही.

माणूस आहे त्यांचे खापरपणजोबा, जेम्स. डनफर्मलिनमध्ये हातमागावर लिननचं दमास्क (विणातच नक्षी असलेलं कापड) विणायचे. पुढे अमेरिकेत पोलादात गडगंज होऊन गावोगाव लायब्रऱ्या बांधून देणारा अँड्र्यू कार्नेगी याच गावातल्या हातमागवाल्याचा मुलगा. वाफेच्या मागांनी धंदा बसला तेव्हा ते घर १८४८ मध्ये अमेरिकेला गेलं. आमचे जेम्स इथेच राहिले, म्हणून आमच्या नावाची लायब्ररी कुठे नाही.

हातात असलेला सगळ्यात भक्कम कागद म्हणजे जेम्स यांच्या धाकट्या मुलाची जन्मनोंद, फेब्रुवारी १८५५. इथली सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, आणि त्या पहिल्या वर्षी इतकं काही लिहून घेत होते की पुढच्याच वर्षी रकाने कमी करावे लागले. आमचं नशीब की बाळ नेमकं त्या वर्षात जन्मलं. बापाचं वय २६, जन्म टॉरीबर्नचा (डनफर्मलिनच्या पश्चिमेचं गाव, फोर्थच्या खाडीच्या काठावर). आईचं वय २४. लग्न १८५१, डनफर्मलिन. आणि आधीच्या मुलांच्या रकान्यात बारीक तिरक्या अक्षरात: एक मुलगा हयात, एक मुलगी मयत.

ही मुलगी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. मी सासूबाईंना स्क्रीनवर दाखवलं, तर त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि थोड्या वेळाने चहाचं विचारलं.

दुसरा कागद जेम्स यांची मृत्युनोंद, १८८७. इथल्या मृत्युनोंदीत मयताच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. (इथल्या जुन्या बायका लग्नानंतरही कागदावर माहेरच्या आडनावाने सापडतात, कधी थडग्यावरही. आमच्या आजीचं तर तांदळात बोट फिरवून पहिलं नावसुद्धा बदललं होतं, तिला कुठे शोधायचं?) तर या नोंदीत वडील 'जेम्स, हातमाग विणकर', आई जॅनेट, माहेरचं आडनाव स्वच्छ वाचता येतंय.

आता घोळ. १८५५ च्या आधी सगळी मदार सरकारमान्य चर्चच्या जुन्या पॅरिश रजिस्टरांवर (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर). स्कॉटलंड्सपीपल या जुन्या नोंदींच्या सरकारी वेबसाइटच्या सूचीत शोधायला पैसे पडत नाहीत, पान उघडायला विकतचे क्रेडिट लागतात, आणि उतावळेपणाने मी बरेच उडवले. त्यातून दोन बाप्तिस्मे उरले:

अ) टॉरीबर्न, नोव्हेंबर १८२८. वडील डेव्हिड, आई 'जेस'. आईचं आडनाव मृत्युनोंदीशी जुळतं.

ब) डनफर्मलिन, १८२९. वडील जेम्स, आई जॅनेट. आईचं आडनाव भलतंच.

इंटरनेटवरच्या पाच वंशवृक्षांत लोकांनी 'ब' लावलाय. एकाने लावला आणि चौघांनी उचलला, हे स्पेलिंगच्या एकाच चुकीवरून कळतं. माझं मन 'अ' कडे आहे, पण मृत्युनोंदीतल्या वडिलांच्या नावाचं काय करू? आणि जेस म्हणजे जॅनेट धरायची का?

१८५१ च्या लग्नाची पुकार (लग्नाआधी चर्चमध्ये करायची जाहीर घोषणा) पॅरिश रजिस्टरात मिळाली, पण तिथे फक्त नवरानवरीची नावं, आईबाप नाहीत. मोठा मुलगा आणि ती मुलगी, दोघांचाही बाप्तिस्मा कुठल्याच रजिस्टरात नाही. लग्नाची पुकार त्याच चर्चमध्ये आणि मुलं गायब, हे कसं?

कुणी या वाटेने गेलं असेल तर सांगा. भेट द्यायला तीन आठवडे उरलेत.

प्रतिसाद: एडिंबरकर

ताई, आधी मृत्युनोंदीचा शेवटचा रकाना बघा. खबर कुणी दिली, नातं काय, आणि मरणाच्या वेळी 'हजर' होता की नाही, हे तिथे लिहिलेलं असतं. मयताच्या आईबापांची नावं मयत सांगत नाही, खबर देणारा सांगतो. तो जावई किंवा शेजारी असेल तर सासऱ्याच्या बापाचं नाव त्याला कुठून माहीत असणार?

जेस, जेसी, जॅनेट ही एकाच बाईची नावं इथे सर्रास असतात. त्यावरून 'अ' सोडू नका.

पुरावा हवा असेल तर आईला शोधा, मुलाला नको. जॅनेट १८५५ नंतर वारली असेल तर तिची नोंद सासरच्या आणि माहेरच्या, दोन्ही आडनावांनी सूचीत असते. दोन्ही टाकून बघा. १८६१ पासूनच्या नोंदीत नवऱ्याचंही नाव असतं. १८५६ ते १८६० मधली निघाली तर मात्र ते नसतं, तेवढं धरून चला.

१८४१ ची जनगणनाही बघा. पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवलेली असतात, लहानांची मात्र आहेत तशी. तुमचा जेम्स तिथे १२ चा दिसायला हवा. नाती लिहिलेली नसतात, त्यामुळे एका छपराखाली दिसले म्हणून आईबाप ठरवू नका.

मुलांचं कोडं सोपं आहे. डनफर्मलिन म्हणजे सरकारमान्य चर्चमधून फुटून निघालेल्या चर्चांचा गड. अशा फुटिरांपैकी राल्फ अर्स्किन इथलाच पाद्री, आणि १७६१ च्या रिलीफ चर्चवाला गिलेस्पीही इथलाच. विणकर मंडळी मोठ्या संख्येने तिकडे. लग्नाची पुकार कायद्याने पॅरिश चर्चमध्येच करावी लागे, म्हणून ती सापडली. पोरांचे बाप्तिस्मे त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये. स्कॉटलंड्सपीपलवर 'इतर चर्चेस' असा वेगळा विभाग आहे, तिथे शोधा. नाही मिळालं तर एडिंबरात नॅशनल रेकॉर्ड्समध्ये (सरकारी दफ्तरखान्यात) सीएच३ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांची, म्हणजे या फुटीर चर्चांची, बाडं मागवा.

प्रतिसाद: खारीबिस्कीट

मोठ्या मुलाचं नाव काय होतं? तेच लिहिलं नाहीत तुम्ही! इथली जुनी रीत: पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात तसंच. सगळे पाळायचे असं नाही, पण विणकरांच्या घरात बऱ्याचदा जुळतं.

आणि आणखी मागे जाणार असाल तर १७८३ ते १७९४ जपून. प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सांचा कर होता, लोक नोंदच करत नसत. तिथे रिकामी जागा दिसली तर जीव काढू नका.

धागाकर्तीकडून:

खारीबिस्कीट, मोठ्या मुलाचं नाव डेव्हिड! महिनाभर रोज बघतेय आणि डोक्यातच आलं नाही. माझं मलाच हसू येतंय.

१८८७ ची नोंद पुन्हा उघडली. खबर देणारा जावई, 'हजर नव्हता'. त्याने बहुधा सासऱ्याचंच नाव सासऱ्याच्या बापाला चिकटवलं.

आणि एडिंबरकर, जॅनेट सापडली! माहेरच्या आडनावाने टाकल्यावर पहिल्याच पानावर. १८६३, डनफर्मलिन, डेव्हिड हातमाग विणकराची विधवा. खबर देणारा: जेम्स, मुलगा, हजर. पाचही झाडवाल्यांना निरोप पाठवलाय, एकाने उलट मलाच विचारलं की तुम्ही नात्यातल्या कोण.

'इतर चर्चेस'मध्ये मोठा डेव्हिड मिळाला, १८५२. मुलगी तिथेही नाही. रीतीप्रमाणे तिचं नाव मार्गारेट असायला हवं, आईच्या आईचं, आणि १८५७ मध्ये झालेल्या पुढच्या मुलीचं नाव मार्गारेटच आहे, म्हणजे गेलेल्या लेकीचं नाव पुन्हा ठेवलं असेल. पण 'असेल' वर कागदावर शाईने लिहायचं का? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चौकट काढ, आत काही लिहू नको. सोमवारी एडिंबरात जाऊन सीएच३ ची बाडं बघून येते. तिथे आत काय काय नेऊ देतात, पेन चालतं की पेन्सिलच लागते, एवढं कुणीतरी सांगा.