पुन्हा: वसंतदादांवरचं टिपण – 1978 चा परिच्छेद

कार्यक्रम समिती:
मंडळी, नमस्कार. वसंतदादा पाटलांवरच्या व्याख्यानाचं टिपण कालच्या मेलमध्ये पाठवलं आहे. दादा मुख्यमंत्री असलेलं सरकार जुलै 1978 मध्ये पडलं, त्याबद्दल त्यात एकच वाक्य आहे, ‘शरद पवार बाहेर पडले, सरकार कोसळलं.’ एवढं पुरे का? जाणकारांनी सांगावं.

उत्तर:
नाही पुरत. आकडे घातल्याशिवाय दादांवर अन्याय होतो, पवारांवरही. विधानसभा 288 ची, बहुमताला 145. जनता पक्ष 99, काँग्रेस तेव्हा फुटलेली, त्यातली दादांची रेड्डी काँग्रेस (ब्रह्मानंद रेड्डींची) 69, इंदिरा गांधींची इंदिरा काँग्रेस 62. सरकार दोन्ही काँग्रेसचं मिळून, त्यांचे 131, म्हणजे पहिल्या दिवसापासून 14 कमी. सगळा कारभार अपक्षांच्या टेकूवर. त्यातून उपमुख्यमंत्री इंदिरा काँग्रेसचे नासिकराव तिरपुडे, आणि रेड्डी काँग्रेसवाले ज्यांना नेता मानत त्या यशवंतराव चव्हाणांवरच ते जाहीर तोंडसुख घेत. असं सरकार पावसाळी अधिवेशनात गडगडलं याचं मला नवल वाटत नाही. पवारांबरोबर चाळीसेक आमदार गेले. जनता पक्षाचे 99 आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) 13 धरले की बेरीज दीडशेच्या पुढे. 18 जुलैला पवारांच्या नेतृत्वाखाली पुलोदचा, म्हणजे या सगळ्यांच्या पुरोगामी लोकशाही दल आघाडीचा, शपथविधी झाला. पवारांनी दादांच्या ‘पाठीत खंजीर’ खुपसला, हा शब्दप्रयोग टिपणात नकोच. त्याने ही बेरीज झाकली जाते.

कार्यक्रम समिती:
काका, आभार. आजच्या पक्षांतरबंदीत हे चाललं असतं का? हा प्रश्न सभागृहातून नक्की येणार.

उत्तर:
1978 साली तो कायदाच नव्हता, तो 1985 चा, 52 व्या घटनादुरुस्तीचा. त्यात एक तृतीयांश फुटले तर ‘फूट’ मान्य होती. 69 चे 23, त्यामुळे चाळीस जण सहज सुटले असते. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने ती पळवाट बुजवली. आता दोन तृतीयांश लागतात, म्हणजे 46, आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन होऊन. चाळिसांची आमदारकी धोक्यात आली असती.

जागा असेल तर 1985 वर आणखी चार ओळी द्याच. दादांचा खरा पिंड तिथे दिसतो. मार्चमध्ये निवडणूक जिंकून देणाऱ्या या माणसाला न विचारता दिल्लीने प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमलं, आणि जूनमध्ये दादांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. साखर कारखान्यापासून तालुक्यापर्यंत माणसं त्यांनी स्वतः बांधली होती. संघटनेची किल्ली परस्पर दुसऱ्याकडे जाणं त्यांना मानवणारं नव्हतं. त्यानंतर शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले, दादा राजस्थानचे राज्यपाल.

एक दुरुस्ती: ‘चार वेळा मुख्यमंत्री’ काढून 1977–78 आणि 1983–85 असे दोन टप्पे लिहा. शपथविधी मोजले की श्रोत्यांचा घोळ होतो.