तुमच्या पी.टी.च्या सरांबद्दल लिहा

सड्यावरची
परवा गावी गेले होते. देवळापुढच्या मैदानात कबड्डीच्या सामन्यांसाठी मुलं फक्की मारत होती. रेघ वाकडी चालली होती. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आधी दोरी, मग फक्की!" हे आमच्या सरांचं वाक्य. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गेल्या पावसाळ्यात गेले. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणत होते.

आमची शाळा सड्यावर. मैदान म्हणजे नुसता जांभा. कातळावर खो-खो कसा खेळायचा? सूर मारला की गुडघे गेलेच. मग सर भातकापणी झाली की ज्यांची शेतं त्यांना विचारून माती आणवायचे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येकाने एक पाटी माती आणायची. गोटे वेचायचे, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपण्याने चोपायचं. जूनमध्ये सगळी माती वाहून जायची. दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून. एवढं वर्षानुवर्षं करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. खांब ऐनाचे, सरांनी स्वतः पॉलिश पेपरने घासलेले. मुलींच्या हाताला कूस लागू नये म्हणून आधी स्वतःचा तळवा फिरवून बघायचे.

आणि मुली! जिल्ह्याला जायचं तर रात्रीचा मुक्काम, घरचे सोडत नसत. सर वाडीवाडीत जाऊन आयांशी बोलायचे. काकूंना, म्हणजे त्यांच्या मंडळींना, सोबत एसटीत घेऊन यायचे. काकू होत्या म्हणून आम्ही खेळलो. त्यांचंही नाव या धाग्यात राहू दे.

तुमचेही लिहा.

खाडीकाठ
आमच्या सरांची शिट्टी पलीकडच्या वाडीत ऐकाक यायची. आवस म्हणायची, "ऊठ रे झिला, सर इले मैदानार." उकड्या तांदळाची पेज तशीच टाकून धावत सुटायचो. बाकीचा रात्री लिवतंय, आता होडी लावची आसा.

लालमाती
@सड्यावरची, काकूंचं वाचून डोळे भरले. आमच्याकडे बाई होत्या पी.टी.ला, त्यामुळे घरून परवानगी लगेच मिळायची. पाचवारी साडीचा पदर खोचून बाई स्वतः खो-खोच्या पाटीत, म्हणजे गडी बसतात त्या चौकात, बसायच्या. बसलेल्याच्या पाठीमागूनच खो द्यायचा, हात लागायला हवा आणि 'खो' ऐकू यायला हवा, दोन्ही एकदम. समोरून दिला की शिट्टी. अजून लेकीला शिकवताना तेच बोलते.
कुकर झाला, येते.

वस्तीची गाडी
पावसाळा कोणी लिहिला नाही अजून. चार महिने मैदान बंद. आमचे सर बाकं भिंतीला सरकवून वर्गात सूर्यनमस्कार घ्यायचे, मित्राय नमः पासून भास्कराय नमः पर्यंत बारा नावं पाठ झाली ती तिथेच. दम लागला की बसवून गोष्टी सांगायचे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मुलांनी आपले देशी खेळ करून दाखवले, ही गोष्ट तर दर पावसाळ्यात. आम्हाला वाटायचं पुढच्या वेळी आपलीच शाळा जाणार.
पोहायलाही त्यांनीच शिकवलं. खाडीला भरती असताना, पाठीला दोन सुके असोले नारळ बांधून. थोडं जमलं की एक नारळ सोडायचा.

माडाखाली
असोले नारळ 😀 आमच्याकडे पण! कुठली खाडी?

वस्तीची गाडी
दाभोळची. तुमची?

माडाखाली
जयगड. म्हणजे शेजारीच की. गणपतीला येता का?

वस्तीची गाडी
येणार. कोकण रेल्वेचं तिकीट मिळालं तर 🙏

गडी बाद
माझे सर ऐंशीच्या पुढचे आहेत, आता चालायला काठी लागते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा मुद्दाम त्यांच्याकडे बसून बघितला. मुली जिंकल्या, मुलगे जिंकले, दोन्हीकडे समोर नेपाळ. सर सगळा वेळ पडद्याशी बोलत होते, "खांब सोडू नको गं, खांबाकडे वळव तिला." शेवटी म्हणाले, मॅटवर कोपरं सोलत नाहीत, पोरी मोकळ्या सूर मारतात, फार बरं झालं. त्यांच्या टीममधले आम्ही सगळे अजून व्हॉट्सअ‍ॅपवर आहोत. ज्यांचे सर आहेत त्यांनी भेटून या. फोन नको, भेटाच.

लालमाती
@गडी बाद, सरांना नमस्कार सांगा. तब्येत कशी आहे आता?

गडी बाद
बरी आहे. गुडघे दुखतात. सकाळी अंगणात हातांचे व्यायाम करतात, कवायतीचेच, आकडे मोजत.

पडवी
मी स्वतः शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो म्हणून लिहितो. मी ज्या शाळेत शिकलो तिथले सर निवृत्त झाले आणि ती जागा नंतर भरलीच नाही. पट कमी. तास वेळापत्रकात आहे, पण त्यात गणित घेतात. सर मात्र पेन्शनीत गेल्यावरही संध्याकाळी गेट उघडून मैदानावर बसायचे. जी पोरं येतील ती. हरणाऱ्या पोराला ते नाव घेऊन हाक मारायचे, जिंकणाऱ्याला नुसती मान डोलवायचे. मी आज तसंच करतो. वर्गातल्या जाड्या, हळू, लाजऱ्या मुलाला मैदानावर जागा मिळवून देणं हे आमचं खरं काम, मेडल त्यानंतर. राग आला तरी लिहितो, परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास काढून घेणाऱ्यांनी एकदा त्या तासाला बाहेर येऊन मुलांचे चेहरे बघावेत.

सड्यावरची
@पडवी, हे सगळं शाळेच्या सभेत वाचून दाखवा.

खाडीकाठ
इलंय परत. आमच्या सरांनी लेझीम शिकवलेली, २६ जानेवारीक प्रभातफेरीत पुढे आमचोच वर्ग. ती लेझमां अजून शाळेच्या माळ्यार आसत, पण साखळ्यो गंजल्यो. नवी खय गावतली?

माडाखाली
रत्नागिरीला आलात तर रामआळीत विचारा.

पडवी
दांडे शाबूत असतील तर नवी घेऊ नका. लोहाराकडून नुसत्या साखळ्या आणि चकत्या बदलून घ्या. आधी रॉकेलात बुडवून ठेवा, अर्धी तशीच सुटतील.