साधा खटका वर करता येत नाही का आपल्याला?

जुनापेठकर

रविवारी रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधला मुलगा, वय २७-२८ असेल, आयटीत आहे, चांगला मुलगा आहे हे आधीच सांगतो नाहीतर म्हणाल काकांना टीकाच करायचीये. म्हणाला काका तुमच्याकडे लाईट आहे का, आमच्याकडे दीड तास झाला नाहीये, ॲपवर इलेक्ट्रिशियन बुक केलाय पण तो सकाळी नऊचा स्लॉट दाखवतोय, तोवर फोन चार्जिंगला लावू का तुमच्याकडे.

मी बॅटरी घेऊन त्याच्याकडे गेलो. दारामागे, चपलांच्या रॅकच्या वर डीबी, म्हणजे खटक्यांची पेटी, आणि त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं. कॅलेंडर बाजूला केलं, झाकण उघडलं, एक खटका खाली पडलेला. वर केला. लाईट आली, फ्रीज गुरगुरायला लागला, संपलं.

दीड तास हो! दोन शिकलेली माणसं दीड तास मोबाईलच्या उजेडात बसली आणि त्या कॅलेंडरमागे काय आहे हे एकदा बघावं असं दोघांनाही वाटलं नाही. मला येत नाही याचं काही नाही, कोणालाच सगळं येत नसतं, पण बघायचं पण नाही? आमच्या घरी फ्यूजची तार, स्टोव्हची पिन, नळाचे वॉशर, सायकलचं सोल्युशन हे सगळं एका बोर्नव्हिटाच्या डब्यात असायचं आणि तो डबा घरातल्या कोणालाही उघडता यायचा. आता डबाही नाही आणि उघडणाराही नाही. माझ्या आईवडिलांनी ७२ चा दुष्काळ काढला, कोणापुढे हात पसरला नाही, आणि आपण एका खटक्यासाठी दुसऱ्या दिवशीच्या स्लॉटची वाट बघतोय. समाज पांगळा होत चाललाय असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

खवट_खारीक

काका राग मानू नका पण हा धागा दर सहा महिन्यांनी निघतो, फक्त वस्तू बदलते. मागच्या वेळी पंक्चर होतं.

माझे बाबा फ्यूज बांधण्यात उस्ताद. पुढचं ऐका. सारखा फ्यूज उडतो म्हणून त्यांनी फ्यूजच्या तारेऐवजी जाड तांब्याची वायर पिळून घातली, "आता बघू कसा उडतो". नाहीच उडला. मिक्सर लावला होता तिकडचं अख्खं वायरिंग वितळलं, भिंतीवर काळा पट्टा अजून आहे, रंगाच्या दोन हातांतूनही दिसतो. याला आमच्या घरी स्वावलंबन म्हणायचे. आता तुमच्या शेजाऱ्याकडे जे खटके आहेत ते याच उस्तादांपासून घर वाचवायला आलेत.

आणि गंमत म्हणजे याच बाबांना दोन वर्षांपूर्वी मेसेज आला की आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार, अमुक नंबरवर फोन करा. केला. त्याने सांगितलं ते ॲप घेतलं, त्याने सांगितला तो आकडा दाबला, अठरा हजार गेले. शेजारच्या खोलीत मी बसलो होतो, मला विचारलं पण नाही. तेव्हा कोण पांगळं होतं?

रिकामटेकडा_रिटायर्ड

जुनापेठकर, शंभर टक्के सहमत. परवा भाजीवाल्याकडे पुढच्या मुलीने विचारलं दोनशे ग्रॅम आलं कितीला, तो म्हणाला १२० रुपये किलो, तर तिने फोन काढून गुणाकार केला. आणि एसटी स्टँडवर पोरं "पुणे" असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या गाडीपुढे उभी राहून विचारतात ही पुण्याला जाते का. मोबाईलने डोळे नेले, अक्कल नेली. कालाय तस्मै नमः.

सुगरण_नाही

एसटीच्या पाटीवर पुणे लिहिलेलं असतं आणि गाडी पुण्याहून आलेली असते, पाटी उलटायची राहिलेली असते. ज्याने एसटीने प्रवास केलाय तो विचारतोच! (हलके घ्या.)

मूळ धाग्याबद्दल. तो बोर्नव्हिटाचा डबा "घरातल्या कोणालाही" उघडता यायचा असं लिहिलंय. स्टोव्हची पिन कोण मारायचं काका? आमच्याकडे आई मारायची, सकाळी सहाला, घासलेटच्या वासात, भडका उडाला तर पदर सावरत. माझ्या वडिलांना फ्यूज बांधता यायचा, सायकल खोलता यायची, पण आई आठ दिवस माहेरी गेली की समोरच्या काकू डबा द्यायच्या. चहाची पूड कुठल्या डब्यात आहे हे त्यांना माहीत नव्हतं, डबे काचेचे होते तरी. तेव्हा कोणी समाजाचा ऱ्हास म्हणून काही लिहिल्याचं मला आठवत नाही.

आमच्या चिरंजीवांना फ्यूज म्हणजे काय माहीत नाही. पण वरणभात, पोळ्या, अंड्याची करी येते आणि आजीच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी तोच भरतो. मी याला प्रगती धरते, तुम्ही काहीही धरा.

आकडेमोड्या

७२ च्या दुष्काळात हात पसरला नाही हे वाक्य माझ्याही घरात ऐकलंय, म्हणून लिहितो. लोक जगले ते सरकारने कामं काढली म्हणून. खडी फोडायची, पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, लाखो माणसं त्या कामांवर होती. पोरांना सुकडी मिळायची आणि रेशनवर तो लाल मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारीच ती, ज्याच्या भाकरीला आमची आजी मरेपर्यंत नावं ठेवत होती. त्यातूनच रोजगार हमी पक्की झाली, १९७७ ला कायदा झाला, आणि देशाची रोजगार हमी २००५ ला आली ती याच धर्तीवर. माणसं भयंकर कष्टाळू होती यात वादच नाही. पण एकटी नव्हती. नंतर गोष्ट सांगताना खडी लक्षात राहते, मिलो विसरला जातो.

आणि ऱ्हास म्हणताय तर एक आकडा. १९७१ ला या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जायची. २०२० ला २८. ती वाचलेली पोरं आता खटका वर करत नाहीत ही तुमची तक्रार आहे.

जुनापेठकर

मिलोचं मान्य. आईपण नाक मुरडायची त्याला, लिहिताना सोयीस्कर विसरलो. पिनेचंही मान्य, आमच्याकडे पण आईच.

पण तुम्ही सगळे मी जे बोललोच नाही त्याला उत्तरं देताय. मला शेजाऱ्याने वायरिंग करायला नकोय, तांब्याची तार तर अजिबात नको. आधी स्वतः बघा, मग बोलवा, एवढंच. बाळं जगली फार उत्तम झालं, पण जगलेल्या बाळाने कॅलेंडर बाजूला करायला हरकत काय?

शिवारातून

शहरातल्या लोकांची चर्चा वाचून करमणूक झाली. आमच्या जुन्नरकडं या, स्वावलंबन दाखवतो. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज गेला की वायरमनला फोन करायचा, तो म्हणतो लाईनीवर आहे, येतो. त्याच्याकडं गावं किती आणि तो एकटा किती, त्याला तरी काय बोलणार. इकडं कांद्याला पाणी द्यायची पाळी, मग आमच्यातलाच एखादा काठीने खटका पाडतो, तार बांधतो आणि बाकीचे चार जण बॅटरी धरून उभे. सगळ्यांना येतं. शाळेतल्या पोरांनापण येतं. माझा चुलत चुलता असाच चिकटला, डीपीच्या खाली, दुसऱ्या फेजमध्ये लाईट होती हे कोणाला कळलं नाही. त्याला कॉमन सेन्स नव्हता असं मला कोणी म्हणून दाखवावं.

पाळी रात्रीची आली की मोटर चालू करायला रात्री जायचं, आमच्याकडं रात्री उसात बिबट्या असतो हे पेपरात वाचलं असेलच. तर मला विचाराल तर मला ते ॲप पाहिजे आणि सकाळी नऊचा स्लॉटपण पाहिजे. स्वतःच्या हाताने करायची हौस ज्याच्याकडं दुसरा पर्याय आहे त्याला असते.

खवट_खारीक

शिवारातून, दंडवत. शेवटचं वाक्य नोटमध्ये टाकून ठेवलं.

डॉइशलँडचा_देशमुख

थोडं विषय सोडून. मी नऊ वर्षं जर्मनीत आहे. इथे पहिलं घर भाड्याने घेतलं तेव्हा आत गेलो तर स्वयंपाकघरच नाही, म्हणजे खोली आहे पण ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, आधीचा भाडेकरू सगळं उचलून घेऊन गेलेला. आणि छतातून दोन वायरी लोंबतायत, दिवा तुमचा तुम्ही लावा. मी पुण्यात स्क्रूड्रायव्हर हातात धरला नव्हता, इंजिनिअर असून. इथे आलो आणि महिन्याभरात दिवे लावले, कपाट जोडलं, भिंतीला भोकं पाडली, त्यातली तीन चुकीच्या जागी.

मी काही अचानक शहाणा झालो नाही. इथे माणूस बोलवायचा म्हटलं तर खिसा रिकामा होतो आणि तो तीन आठवड्यांनी येतो. पुण्यात दोनतीनशेत कोणीतरी येतं, म्हणून आपण बघत नाही. तुमच्या शेजाऱ्याला इथे पाठवा, आपोआप कॅलेंडर बाजूला करेल.

सुगरण_नाही

म्हणजे दोनतीनशेत जो येतो त्याला कमी पैसे मिळतात म्हणून आपल्याला अक्कल लागत नाही. हे मात्र अगदी पटलं. काका, यावर वेगळा धागा काढा.

टेस्टरवाला

इतके प्रतिसाद झाले आणि एकाने पण कामाचं विचारलं नाही. मी वीस वर्षं याच लाईनीत आहे. जुनापेठकर साहेब, जो खटका पडला होता त्याच्या शेजारी छोटं बटण होतं का, त्यावर टी किंवा टेस्ट लिहिलेलं? आणि अख्ख्या घराची लाईट गेली होती का एकाच खोलीची?

जुनापेठकर

अख्ख्या घराची. बटण होतं, पिवळं की निळं आठवत नाही. का हो?

टेस्टरवाला

मग ती साधी एमसीबी, म्हणजे लोड वाढला की पडणारा खटका, नाही, आरसीसीबी आहे. लोड जास्त झाला म्हणून ती पडत नाही, कुठेतरी करंट लीक व्हायला लागला की पडते, घरातली बहुतेक ३० मिलीॲम्पिअरची असते, म्हणजे माणूस चिकटायच्या आत तोडायला बसवलेली. ती पडली म्हणजे घरात काहीतरी सांगत होतं. तुम्ही वर केली आणि राहिली याचा अर्थ लीक करणारी वस्तू त्या वेळी बंद होती एवढाच. लाईट गेली तेव्हा काय चालू होतं हे विचारलंत का? गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री?

त्याला सांगा इलेक्ट्रिशियन कॅन्सल केला असेल तर परत बोलव.

आकडेमोड्या

पॉपकॉर्न.

जुनापेठकर

आत्ता समोर जाऊन आलो. खरं ते लिहितो.

रविवारी लाईट गेली तेव्हा त्याची बायको आंघोळीला जायचं म्हणून गीझर लावून बसली होती. अंधार झाल्यावर तिने गीझरचं बटण बंद केलं, सवयीने. मी खटका वर केला, शाब्बासकी घेतली, चहा पिऊन आलो. त्यांनी इलेक्ट्रिशियन कॅन्सल केला, मीच म्हटलं होतं कशाला पैसे घालवता. सोमवारी सकाळी गीझर लावला की परत अंधार. त्याने परत वर केला, काकांनी शिकवल्याप्रमाणे. परत अंधार. असं तीनदा. मग मात्र त्याने मला न विचारता माणूस बोलावला. गीझरचं कॉइल गेलं होतं, करंट पाण्यात उतरत होता. त्या माणसाने त्याला सांगितलं की हा खटका नसता तर बादलीत हात घातल्यावर कळलं असतं.

मुलाने मला हे दोन दिवस सांगितलं नव्हतं. काकांना वाईट वाटेल म्हणून.

रिकामटेकडा_रिटायर्ड

तरी मुळात त्यांनी कॅलेंडर बाजूला करायला हवं होतं या मताशी मी ठाम आहे.

टेस्टरवाला

करायला हवंच होतं, त्यात साहेबांचं चुकलं नाही. एकदा वर करा, परत पडली तर हात लावू नका, माणूस बोलवा, एवढं कळलं की झालं. आणि धागा वाचणाऱ्या सगळ्यांनी आज घरातलं ते टेस्टचं बटण दाबून बघा. दाबलं की खटका लगेच पडला पाहिजे. पडला तर वर करा, ठीक आहे. नाही पडला तर आतून गेलंय समजा, बदलून घ्या.

सुगरण_नाही

पडला. मुलाने दाबलं. पोळ्यांचं पीठ फूड प्रोसेसरमध्ये होतं तेवढं अर्धवट राहिलं.

खवट_खारीक

आमच्याकडे पडला. बाबांनी दाबलं, आणि मग मला बोलावून विचारलं वर करू का. ऐतिहासिक क्षण.

जुनापेठकर

आमचा पडला नाही. चार वेळा दाबलं, नुसतं टक् टक् वाजतं. घर २००६ सालचं आहे, तेव्हापासून कोणी हात लावलेला नाही, मी तर नाहीच नाही, कारण ते डीबी शोकेसच्या मागे येतं आणि शोकेस हलवायला दोन माणसं लागतात. आज समोरच्या मुलानेच हलवू लागलं.

टेस्टरवाला, तुमच्या म्हणण्याप्रमाणे आतून गेलंय बहुतेक, बदलावं लागेल. मुलीने ॲपवरून बुक केलाय. सकाळी नऊचा स्लॉट आहे.